लावणीच्या दिवसांत एआरटीची तारीख

मुरबाड-शहापूरच्या पट्ट्यातले एचआयव्हीचे रुग्ण एआरटी केंद्राला (एचआयव्हीवरची औषधं देणारं सरकारी केंद्र) जोडून देणं आणि मग ते टिकवणं, हे आमचं काम. जोडणं त्यातल्या त्यात सोपं. आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीची तपासणी आणि समुपदेशन करणाऱ्या केंद्रात, एकाच रक्तावर तीन वेगवेगळ्या किट्सनी तपासणी होते. तिन्ही पॉझिटिव्ह आल्या की केंद्रात नोंदणी, सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि टीबीची चौकशी. सीडी-४ किती घसरलाय याची वाट २०१७ पासून पाहत नाहीत. टीबीची शंका नसेल तर गोळी लगेच सुरू होते, तीही फुकट: टीएलडी, म्हणजे टेनोफोव्हिर, लॅमिव्युडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर ही तीन औषधं एकाच गोळीत, दिवसाला एक.

घोडं अडतं ते जुलैत. भाताची लावणी चालू असताना ठाण्याला जायचं म्हणजे एक खाडा, वर एसटी आणि लोकलचं भाडं. तारीख चुकते, डबी संपते. म्हणून आम्ही मे महिन्यातच रुग्णाचं एआरटी कार्ड बघतो. व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दबलेला आणि तब्येत स्थिर असेल तर तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळू शकतात, पण मागाव्या लागतात. व्हायरल लोड सहाव्या महिन्यात, बाराव्या महिन्यात आणि मग वर्षातून एकदा होतो. तो राहिला असेल तर तीन महिन्यांचं बोलणंच होत नाही, म्हणून आधी तो उरकून घ्यायचा. जवळ लिंक एआरटी केंद्र (मुख्य केंद्राला जोडलेलं, गोळ्या देणारं छोटं केंद्र) असेल तर स्थिर रुग्णाची तिकडे बदली मागावी.

डबी वाजते म्हणून बरेच जण गोळ्या साध्या पुडीत काढून ठेवतात. पावसाळ्यात त्या ओल धरतात. हवं तर लेबल खरडून काढा, पण डबी तीच ठेवा आणि तिच्यातली ओल शोषणारी छोटी पुडी फेकू नका.

दुसरी गफलत आरोग्य केंद्रातल्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांची. उपाशीपोटी टीएलडीसोबत घेतल्या तर डोल्युटेग्रॅव्हिर नीट शोषलंच जात नाही. एक तर जेवणासोबत सगळं एकत्र घ्या, नाहीतर टीएलडी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. अॅसिडिटीच्या पातळ औषधाला मात्र जेवणाची सवलत नाही, तिथे अंतर पाळायचंच. टीबीचं रिफाम्पिसिन चालू झालं तर डोल्युटेग्रॅव्हिरचा ५० मिलिग्रॅमचा आणखी एक डोस बारा तासांनी लागतो. म्हणून टीएलडी चालू असल्याचं टीबीच्या खिडकीवर स्वतःहून सांगा, कोणी विचारेल म्हणून थांबू नका.

दिवाळीनंतर माणसं वीटभट्टीवर, भिवंडी-पनवेलकडे जातात. थोड्या दिवसांसाठी असेल तर कार्ड दाखवून तिथल्या सरकारी एआरटी केंद्रातून गोळ्या घेता येतात. आपल्या केंद्राला आधी फोन केला की सोपं जातं. पूर्ण हंगाम काढायचा असेल तर निघण्याआधी रीतसर ट्रान्सफर घ्या. कार्ड गावी राहिलं तर नोंद शोधण्यातच दिवस जातो. निदान कार्डाच्या पहिल्या पानाचा, नोंदणी क्रमांक दिसेल असा फोटो मोबाइलमध्ये असू द्या.

मुकादमाला काही सांगायचं बंधन नाही. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेला एचआयव्ही-एड्स कायदा कामाच्या जागीही पाठीशी आहे. कसली गोळी विचारलं तर बीपीची म्हणून मोकळं व्हा.