डॅशबोर्डमागचा पावसाळा

आळ आला तो सुकटीवर. मे महिन्यात अलिबागहून परतताना आईने आगोटीची खरेदी केली होती. सुकट आणि बोंबील चार-चार पिशव्यांत गुंडाळून डिक्कीत ठेवले होते. त्यामुळे जूनच्या अखेरीस गाडीचा एसी लावल्याबरोबर जो भपकारा आला, त्याचा गुन्हेगार आम्हा सगळ्यांना तपासाआधीच ठाऊक होता. आई मात्र ऐकेना. ‘सुकटीचा वास तुम्ही मला शिकवू नका. हा ओल्या गोणपाटाचा वास आहे.’

तिचं बरोबर होतं. वासांच्या बाबतीत आपली भाषा काटेकोर आहे. खोबरं खवट होतं, पीठ आंबूस होतं, बिनकल्हईच्या पितळी भांड्यातलं ताक कळकतं. आणि ओल आत कोंडून राहिली की जे होतं ते कुबट. आमची गाडी कुबट झाली होती. तीही लबाडीने. वास पहिली दोन मिनिटंच यायचा. मग नाकं सरावायची, वास गेला असं आम्ही ठरवून टाकायचो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा हजर.

उपायांना तोटा नव्हता. काकांनी सीटखाली डांबरगोळ्या टाकल्या. बायकोने कापराची पुडी बांधली. मी पेट्रोल पंपावरून मोगऱ्याचा वास म्हणून काहीतरी आणून आरशाला लटकवलं. चार दिवसांनी गाडीत बसलं की जुन्या कपाटात कुणीतरी आरती करतंय असं वाटायचं, आणि त्या सगळ्याच्या तळाशी ते गोणपाट होतंच. वासावर वास टाकून वास जात नाही, बेरीज होते.

शेवटी एका रविवारी समोरचा ग्लोव्ह बॉक्स काढला. त्याच्यामागे केबिन फिल्टर असतो हे मला गाडी घेऊन चार वर्षं झाल्यावर कळत होतं. झाकण उघडून तो ओढला तर हाताला ओलसर लागला. मूळचा पांढरा असावा. आता चुलीवरच्या फडक्यासारखा राखाडी, आणि घड्याघड्यांत गुलमोहराची बारीक पानं ठासून बसलेली. आमची गाडी सोसायटीतल्या गुलमोहराखाली उभी असते. ती पानं काचेखालच्या जाळीतून आत शिरतात. एक करडं पीस होतं आणि एक रातकिडा, पाय वर करून. वर्षभर आम्ही त्याच्या अंगावरून आलेली हवा खात होतो. मुलगी त्या दिवसापासून रिक्षाने जाऊ म्हणायला लागली.

नवा फिल्टर बसवला, वास निम्मा झाला. उरलेल्या निम्म्यासाठी एसीवाल्याकडे गेलो. त्याने काही विचारायच्या आधी गाडीखाली वाकून पाहिलं. ‘साहेब, पाणी गळत नाही तुमच्या गाडीतून.’ मी अभिमानाने म्हटलं, ‘कधीच नाही.’ तो म्हणाला, ‘गळायला पाहिजे.’

डॅशबोर्डच्या मागे कूलिंग कॉइल असते. दमट हवा तिच्यावरून गेली की गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो तसे तिच्यावर थेंब धरतात, आणि ते पाणी एका बोटभर नळीतून खाली रस्त्यावर जायचं असतं. आमची नळी चोकअप झाली होती. म्हणजे बाहेर उन्हाळा असो की थंडी, एसी लावला की डॅशबोर्डमागे पावसाळा सुरू, वर अंधार आणि धूळ. बुरशीला याहून काय हवं? त्याने नळीत हवा मारली तर खाली चहाच्या रंगाचं पाणी बदाबदा सांडलं. मग बारीक नळीने कॉइलवर फेस मारला. वीस मिनिटं आम्ही समोरच्या टपरीवर उभे.

खरं तर एसीचा जन्मच ओलीपायी झाला. 1902 साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा, एका रंगावर दुसरा रंग नेमका बसायचा नाही. विलिस कॅरिअर या तरुण इंजिनिअरने हवेतलं पाणी काढायचं यंत्र आखलं ते त्या कागदासाठी. माणसांना गारवा मिळाला तो वरकड.

आणि वासाचं म्हणाल तर पहिल्या पावसाचा मृद्गंधसुद्धा सूक्ष्मजीवांचीच करामत. मातीतले जिवाणू जिओस्मिन नावाचं द्रव्य करतात, ते पावसाच्या थेंबांबरोबर उडतं आणि आपण खिडकीत जाऊन उसासे टाकतो. कनौजला भाजलेल्या मातीचं अत्तर काढतात, लोक ते पैसे मोजून घेतात. इथे मी असल्याच मंडळींना हाकलायचे पैसे मोजत होतो.

फेस ओसरला तेव्हा एसीवाल्याने पथ्य सांगितलं. घर यायच्या पाच मिनिटं आधी एसी बंद, पंखा चालू, आणि बाहेरची हवा आत घ्यायची, म्हणजे कॉइल वाळते. गाडीतलीच हवा आतल्या आत फिरवणारं ते उलट्या बाणाचं बटण कायम दाबून ठेवायचं नाही. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘अरे, ओली छत्री मिटून ठेवू नये हे तुला पहिलीपासून सांगतेय.’

आता घराजवळचा कर्वे पुतळा आला की मी एसी बंद करतो. मुलगी कुरकुरते, सिग्नलला बसचा धूर आत येतो, पण वास नाही. गाडीखाली पाण्याचं थारोळं दिसलं की बरं वाटतं. परवा शेजारच्यांनी ‘गाडी गळतेय’ म्हणून मुद्दाम फोन केला, त्यांना मी सगळं साग्रसंगीत समजावलं.

सुकटीची निर्दोष मुक्तता झाली. आईने तो आळ मनाला लावून घेतला होता बहुतेक, कारण यंदा मे महिन्यात अलिबागहून निघताना डिक्कीत दुप्पट पिशव्या होत्या, आणि एक तर थेट मागच्या सीटवर, तिच्या मांडीशी.