लेकीच्या खांद्याला झेपेल अशी रायफल

माझी उंची पाच फूट, वजन अठ्ठेचाळीस किलो. लेक तेरा वर्षांची, माझ्याहून दोन इंच कमी आणि अंगाने अगदीच किडकिडीत. आम्ही विस्कॉन्सिनमध्ये राहतो, मॅडिसनच्या पश्चिमेला. टेकड्यांवर ओकची राई, खाली मका आणि सोयाबीन. लेकीने शिकारीच्या सुरक्षिततेचा कोर्स पूर्ण केला त्या रात्री जेवताना म्हणाली, "आई, यंदा मचाणावर मीपण बसणार. आणि नुसती बघायला नाही." तेव्हापासून घरात हाच विषय चालू आहे: तिच्या हातात रायफल कोणती द्यायची.

सांगलीच्या माझ्या मैत्रिणींना हे वाचून कसंतरी होईल, याची मला कल्पना आहे. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, आणि ती बंदच राहायला हवी असं माझं ठाम मत आहे. इथली गोष्ट निराळी आहे. पांढऱ्या शेपटीची हरणं इथे मक्यावर पोसली जातात, त्यांना खाणारं जनावर फारसं उरलेलं नाही, रात्री रस्त्यावर गाड्यांखाली येतात. २००२मध्ये आमच्या या भागातच हरणांमध्ये मेंदू पोखरणारा एक रोग सापडला, तो अजून आहे. म्हणून मारलेल्या हरणाचं मुंडकं आधी तपासणीला देतो, आणि निकाल येईपर्यंत मटण फ्रीजरमधून काढत नाही.

कॅलिबरबद्दल, म्हणजे गोळी किती जाडीची असावी याबद्दल, मी इतकी का बोलते, त्याला कारण आहे.

चार वर्षांपूर्वी मी शिकायला लागले, तेव्हा ओळखीतल्या एकांनी मोठ्या मनाने आपली .३०-०६ ही जोरकस काडतुसाची रायफल वापरायला दिली. "या रायफलने सगळं पडतं," म्हणाले. खरंच पडतं. पण ती त्यांच्या सहा फुटी देहाच्या मापाची होती. दस्ता मला इतका लांब, की तो खांद्याच्या खळगीत न बसता दंडावर टेकायचा आणि मला मान पुढे ताणून दुर्बिणीत बघावं लागायचं. पहिलाच बार काढला आणि दुर्बिणीची कडा भुवईवर आदळली. रक्त आलं, दोन टाके पडले. टाके आठवड्यात निघाले. डोळे मात्र शिकून बसले: ट्रिगरवर बोट गेलं की आपोआप मिटायचे.

नोव्हेंबरमध्ये साठ यार्डांवर एक मादी आडवी उभी राहिली. याहून सोपा नेम मिळत नाही. डोळे मिटले, नळी खाली गेली, गोळी पोटात खालच्या बाजूला लागली. ती पळाली. ज्यांच्या शेतात आम्ही शिकार करतो ते शेजारचे आजोबा बॅटरी घेऊन आले. बर्फावरचे थेंब शोधत आम्ही रात्री दहापर्यंत फिरलो. ओढ्यापाशी थेंब संपले. दुसऱ्या दिवशी पहाटे परत गेलो. सापडली नाही. ते जनावर माझ्यामुळे हाल होऊन मेलं असणार, आणि लेकीच्या वाट्याला असली रात्र येऊ नये म्हणून मी हे सगळं करते आहे.

धक्का कशाने बसतो ते समजलं की अर्धं काम होतं. गोळी जितकी जड, तिचा वेग जितका जास्त, दारू जितकी जास्त, तितकी रायफल मागे येते. रायफल जड असेल तर धक्का कमी. साडेसात पौंडी रायफल धरून मी नेहमीच्या काही काडतुसांचा हिशेब मांडला; ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप, फूट-पाउंड हे जोराचं. १५० ग्रेनची .३०-०६ सुमारे १८ फूट-पाउंड, १४० ग्रेनची ७ एमएम-०८ सुमारे १३, ६.५ क्रीडमूर त्याहून जराशी कमी, आणि १०० ग्रेनची .२४३ विंचेस्टर जेमतेम ९. म्हणजे .३०-०६च्या निम्म्यावर.

.२४३ ही १९५५ची. .३०८ विंचेस्टरचं काडतूस घेऊन त्याची मान आवळून केलेली. ७ एमएम-०८ हीसुद्धा त्याच .३०८ची लेक, १९८०ची. पुष्कळ जण म्हणतात की .२४३ हरणाला अपुरी पडते. मला हे पटत नाही. शंभर यार्डांवरही तिच्यात सोळाशे फूट-पाउंडांच्या आसपास जोर उरतो, आणि आमच्या राईत शंभर यार्डांपलीकडचं दिसतच नाही. हरणाचं काळीज आणि फुप्फुसं मिळून जेवणाच्या ताटाहून थोडी लहान जागा होते. .२४३ची गोळी तिथे बसली तर हरीण लांब जात नाही. पोटात बसलेली .३०-०६ काय करते, ते मी बघितलं आहे.

गोळी मात्र हरणाचीच हवी. .२४३मध्ये ५५-५८ ग्रेनच्या पातळ कवचाच्या गोळ्याही मिळतात. त्या कोयोटी आणि घुशीसारख्या प्राण्यांसाठी असतात, हरणाच्या फऱ्यावर वरच्यावर फुटून जातात. आम्ही ८० ग्रेनची अख्ख्या तांब्याची घेतली. ती फुलते पण तुटत नाही, आणि मटणात शिशाचे कण जात नाहीत. पोरांना खायला घालायचं असेल तर हे मला महत्त्वाचं वाटतं.

आता एक फसवी गोष्ट. दुकानात लहान मुलांसाठी म्हणून ज्या आखूड रायफली दाखवतात, त्या सहा पौंडांच्या आसपास असतात. हातात घेतल्या की बरं वाटतं. पण तीच .२४३ सहा पौंडांच्या रायफलीतून झाडली की धक्का ९वरून ११च्या पुढे जातो. नळी आखूड म्हणून आवाजही कानाजवळ फुटतो, आणि लहान माणूस धक्क्याइतकंच आवाजाला भितं. म्हणून आम्ही रायफल थोडी जड घेतली आणि दस्ता साडेबारा इंचांचा, म्हणजे मोठ्यांच्या नेहमीच्या दस्त्यापेक्षा इंचभर आखूड. मागे जाड रबर. कानात बोळे आणि वरून कानटोप्या, दोन्ही. कॅलिबर निवडण्याआधी मी दस्त्याचं माप बघेन, इतकं ते मोलाचं आहे.

लेकीने माझी ७ एमएम-०८सुद्धा वापरून पाहिली. पहिले तीन बार छान. पाचव्या बाराला तिने खांदे कानापर्यंत उचललेले मला दिसले. मी रायफल तिच्या हातातून घेतली आणि त्या दिवसापुरतं थांबवलं. एल्क या थोराड हरणाच्या मागे जाणार असतो तर गोष्ट वेगळी, तिथे जड गोळी हवीच.

घरात या दोन्ही रायफली असतील तर एक काळजी घ्या. दोन्ही काडतुसांची बुडं सारखीच दिसतात, आणि .२४३चं काडतूस ७ एमएम-०८च्या नळीत शिरू शकतं. तसं बार काढणं धोक्याचं. आमच्याकडे .२४३च्या डब्यांना पिवळी टेप, माझ्या डब्यांना लाल, आणि रेंजवर टेबलावर एका वेळी एकच रंग.

उन्हाळाभर सराव चालला आहे तो बहुतेक .२२वर, म्हणजे जवळजवळ धक्का नसलेल्या छोट्या काडतुसावर. शंभर .२२ झाल्या की पाच .२४३, त्याहून जास्त नाही. शेवटी एक खेळ. मी तिच्याकडे पाठ करून मॅगझिन भरते, खऱ्या काडतुसांत एखादं खोटं मिसळून. कुठलं कधी येणार ते तिला कळत नाही. खोटं आलं की नुसता "टक्" आवाज होतो, आणि त्या क्षणी नळीच्या टोकाकडे बघायचं. भीती असेल तर टोक खाली झुकतं. काहीच लपत नाही.

गेल्या रविवारी चौथ्या बाराला टक् झालं. टोक हललं नाही. तिचा गाल दस्त्यावर तसाच, दोन्ही डोळे उघडे, श्वास सोडून झालेला. मला रडू आलं, ते मी तिला दिसू दिलं नाही.

मग तिने माझं मॅगझिन भरलं. दुसऱ्याच बाराला टक्, आणि माझी नळी दोन बोटं खाली गेली. चार वर्षं झाली तरी.

"आई, परत," ती म्हणाली, आणि मॅगझिनसाठी हात पुढे केला.