सिंकखालची ओल

इंदिरानगरमधील एका निवृत्त शिक्षक दांपत्याने मला बोलावले, तेव्हा त्यांच्याकडे नव्या मॉड्युलर किचनचे सव्वादोन लाखांचे दरपत्रक होते आणि खर्चाची तयारी चाळीस हजारांची होती. सिंकखालच्या कपाटाचा तळ फुगून वर आला होता, दोन दारे बिजागरीतून लोंबत होती आणि चिमणीशेजारच्या सनमायकावर तेलाचा चिकट थर बसला होता. "सगळेच सडले आहे, काढून टाका, असे दरपत्रक देणारे म्हणाले," काकूंनी सांगितले.

असे सरसकट निदान मी तपासल्याशिवाय मान्य करत नाही. ही कपाटे पार्टिकल बोर्डाची, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळ्यांची होती. असा बोर्ड एकदा पाणी पिऊन फुगला की वाळल्यावरही मूळ जाडीवर येत नाही, म्हणून पेचकसाच्या टोकाने मी प्रत्येक खोक्याचा, म्हणजे दारांमागच्या कपाटाच्या सांगाड्याचा, तळ, कोपरे आणि मागची बाजू टोचून पाहिली. टोक आत रुतले ते केवळ सिंकखालच्या खोक्यात. बाकीचे सर्व खोके खणखणीत होते.

तरीही मला लगेच काम सुरू करायचे नव्हते, कारण सरांनी सिंकचा पाइप दोनदा बदलून घेतला होता आणि तळ ओला होणे थांबलेले नव्हते. खाली वर्तमानपत्र अंथरून मी सिंक काठोकाठ भरले आणि एकदम सोडले. कागद कोरडाच राहिला. मग सिंकच्या कडेने, ग्रॅनाइटच्या सांध्यावर, तांब्याभर पाणी हळूहळू ओतले. टॉर्च धरून खालून पाहिले, तर सिलिकॉन सुकून सुटलेल्या जागेतून पाण्याचा थेंब दगडाच्या पोटाला चिकटून मागे सरकत होता आणि पाइपपासून दीड वीत अंतरावर, मागच्या फळीवरून खाली उतरत होता. पाइप बिचारा निर्दोष होता! सरांनी स्वतः वाकून तो थेंब पाहिला आणि दरपत्रकाची घडी घालून खिशात ठेवली.

जुने सिलिकॉन खरवडून, सांधा पूर्ण कोरडा करून नवे भरले. ओटा कडाप्प्याच्या उभ्या फरश्यांवर उभा असल्यामुळे दगडाला हात न लावता खराब खोका बाहेर काढता आला. त्या जागी आयएस 710 दर्जाच्या, म्हणजे बाजारात ज्याला मरीन प्लाय म्हणतात त्या, 18 मिमी प्लायचा खोका बसवला आणि त्याच्या कापलेल्या कडाही उघड्या ठेवल्या नाहीत. लोंबणाऱ्या दारांचे स्क्रू बोर्डात फिरत होते. तिथे काडी ठोकून वेळ मारून नेण्याची पद्धत आहे, पण ती फार टिकत नाही. मी भोक मोठे करून फेविकॉल लावलेली सागाची खुंटी बसवली आणि ती वाळल्यावर तिच्यात नवा स्क्रू घेतला.

दर्शनी भाग रंगवून स्वस्तात भागवावा, अशी काकूंची इच्छा होती. गुळगुळीत सनमायकावर खास प्रायमरशिवाय रंग धरत नाही आणि गॅसजवळची दारे रोज घासली जातात, त्यामुळे तिथे कडेपासून पापुद्रे सुटतात, हे मी त्यांना समजावून सांगितले. त्याऐवजी दारे धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने तेलकटपणा जाईपर्यंत धुतली, 80 नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडली आणि त्यांच्यावरच 1 मिमी जाडीची नवी सनमायका चिकटवली. जाडी वाढल्याने कडेची पट्टी मात्र सर्वत्र नवी, 22 मिमी रुंदीची लावावी लागली.

हँडल आणायला सर स्वतः निघाले, तेव्हा जुन्या भोकांमधील 96 मिमी अंतर मी त्यांना चिठ्ठीवर लिहून दिले. 128 मिमीचे हँडल आणले असते, तर नव्या सनमायकाखाली जुनी भोके बुजवत बसावे लागले असते. लॉफ्टची दारेही बदलावीत का, असे त्यांनी विचारले. मी नको म्हटले आणि ते पैसे भांड्यांच्या ट्रॉलीच्या चॅनलवर, म्हणजे ती ज्यावर सरकते त्या पट्ट्यांवर, घालायला सांगितले, कारण ती भरलेली ट्रॉली काकू दिवसातून कितीतरी वेळा ओढतात आणि तिचे जुने चॅनल गंजलेले होते.