कठडा कुठल्या बाजूला?

आधी एकच सांगते. मुलासाठी पलंग करायला टाकाल तेव्हा भिंत कुठे, दार कुठे, मुलाचं डोकं कुठे, हे सगळं कागदावर चित्र काढून द्या. तोंडी सांगू नका. 'उजवी बाजू' म्हणजे झोपलेल्या माणसाची उजवी की पायथ्याशी उभं राहून बघणाऱ्याची, यावर मी डिसेंबरात एका दुकानात पाऊण तास वाद घातला आहे. दुकानदाराने मधे चहा मागवला, मी तोही प्यायले आणि पुढे भांडले.

सुरुवात नवरात्रात झाली. आम्ही बडोद्याचे, त्यामुळे नऊ रात्री घराच्या भिंतीसुद्धा ताल धरतात. दुसऱ्याच रात्री साडेअकराला आतून 'धप्' आवाज आला आणि आम्ही उठेपर्यंत पिल्लू पाय ओढत हॉलमध्ये हजर. रडणं नाही, काही नाही. गजांच्या लाकडी पाळण्यातून स्वतः चढून बाहेर आला होता. गादी केव्हाच सगळ्यात खालच्या खाचेत बसवली होती, आणखी खाली न्यायला जागाच नव्हती.

लसीच्या वेळी डॉक्टरांनी सांगितलंच होतं, की उंची ३५ इंच झाली किंवा उभं राहिल्यावर कठडा छातीच्याही खाली यायला लागला की पाळणा बंद. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सही हाच ३५ इंचांचा आकडा देते. दाराच्या चौकटीला टेकवून पेन्सिलीने खूण केली तर ९० सेंटीमीटर, म्हणजे ३५ च्या वरच. वय सव्वादोन. सासूबाई म्हणाल्या, माळ्यावरचं घोडियं काढूया. घोडियं म्हणजे इथला स्टँडवरचा झोळीचा पाळणा. आमचं संखेडा गावात घडवलेलं आहे, माझा नवरा त्यात वाढला. मी म्हटलं, आई, हा आता त्यात बसेल आणि जमिनीला पाय लावून स्वतःच झोके घेईल.

दसऱ्याला पलंग बुक केला. दुकान घरापासून चालत जाण्यासारखं, नाव लिहीत नाही. तसाच संखेड्याच्या घाटाचा हवा होता, सागवानी, खरादावर फिरवलेले पाय, लाखेचा रंग. संखेडा बडोद्यापासून पन्नासेक किलोमीटर, आणि घरात एक वस्तू तिथल्या धाटणीची असली म्हणजे सासूबाईंना बरं वाटतं. डोक्याच्या बाजूने अर्ध्या लांबीचा कठडा, पुढे मुलाला स्वतः उतरता यावं म्हणून मोकळी जागा. मी स्पष्ट म्हटलं, "कठडा उजव्या बाजूला." दुकानदाराने वहीत लिहिलं, "जमणी बाजू," म्हणजे उजवीच. दोघंही खूश.

"दिवाळी पहेला मळी जशे, बेन." दिवाळीआधी मिळेल म्हणे.

धनत्रयोदशीला गेले. पलंग नव्हता, पण 'आज पूर्ण पैसे भरलेत तर डिस्काउंट' होता. भरले. ही माझी दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी. निदान तिसरा हिस्सा रक्कम फिटिंग होईपर्यंत हातात ठेवा. ज्याचे पैसे पोचलेत त्याचा फोन कोणी उचलत नाही, आणि हे मला चाळिशीला टेकल्यावर कळावं याचीच जास्त चीड येते.

मग दिवाळी. इथे दिवाळीनंतर लाभपंचमीपर्यंत बाजार बंदच असतो, ते धरलं होतं. लाभपंचमी झाली, तर तुळशीचं लग्न लागलं आणि पाठोपाठ माणसांची लग्नं सुरू. लग्नात मुलीला सोफा, हिंचका म्हणजे झोपाळा, पलंग असा अख्खा सेट देणारी घरं इथे पुष्कळ. त्यांच्या ऑर्डरींपुढे आमचा साडेचार फुटी पलंग कोण विचारतो? दर सोमवारी फोन करायचा, दर सोमवारी उत्तर यायचं, "थई जशे, बेन, चिंता ना करो." इतक्या गोड आवाजात, की फोन ठेवल्यावर मिनिटभर मलाच वाटायचं आपण उगाच तक्रार करतोय.

अखेर डिसेंबरच्या मध्यावर टेम्पो आला. पाय सुरेख, रंग सुरेख. खोलीत पश्चिमेच्या भिंतीला पलंग लावला, डोकं दक्षिणेला. आणि कठडा भिंतीच्या बाजूला! जिथून मूल पडूच शकत नाही तिथे नक्षीदार कठडा, आणि जिथून पडणार तिथे काहीच नाही.

दुकानदार शांत. "पलंग फेरवी नाखो ने, बेन." फिरवला तर कठडा खोलीच्या बाजूला येतो, हे खरं. पण डोकं जातं उत्तरेला. सासूबाईंनी दारातूनच सांगितलं, दक्षिणेकडे पाय करून माझा नातू झोपणार नाही. मी एरवी असल्या गोष्टींवर वाद घालते, त्या दिवशी नाही घातला. मला दुकानदाराविरुद्ध माणसं हवी होती.

बरं, पायथ्याकडे उशी ठेवली तर? मग अर्धा कठडा पायांशी, डोकं उघड्यावर. पलंग पूर्वेच्या भिंतीला न्यावा, तर तिथे खिडकी, आणि खिडकीखाली मुलाचा पलंग लावायचा नाही. मुलं गज धरून चढतात, पडद्याच्या दोरीशी खेळतात. राहिला एकच उपाय, चार बोल्ट काढायचे आणि समोरच्या पट्टीला चार नवी भोकं पाडायची.

त्या चार भोकांसाठी सहा आठवडे गेले.

का? तर डिसेंबरच्या १६ तारखेच्या सुमाराला कमुरतं लागली. सूर्य धनू राशीत, शुभ काम बंद, ते थेट उत्तरायणापर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत. मी म्हटलं, मी लग्न नाही करायला सांगत आहे, भोकं पाडायला सांगते आहे. तर म्हणाले, तसं नाही, कारीगर गावी गेलाय. शेजारच्या सुताराला बोलवू का? "बेन, लाख तडकशे, पछी गॅरंटी नहीं." पछी म्हणजे नंतर. मग उत्तरायण. १४ जानेवारीला सगळे पतंग घेऊन गच्चीवर, १५ ला वासी उत्तरायण, तेव्हाही गच्चीवर. त्यानंतर कारीगराच्या बोटाला मांजाने कापलं, असं कळलं. त्यावर काय बोलणार! मी चौकशी करून ठेवून दिला फोन.

या सगळ्या काळात पिल्लू झोपलं कुठे, तर जमिनीवर. पाळण्यातून उडी मारल्याच्या दुसऱ्या दिवसापासून. खाली सतरंजी, तिच्यावर आजीची गोधडी, वर त्याचीच पाळण्यातली गादी आणि तीच वास लागलेली चादर. चादर मुद्दाम धुतली नाही. नवी कार्टूनवाली चादर आणली होती, ती बघून तो रडला.

आठ-दहा रात्री कठीण गेल्या. गज गेल्यावर त्याला उठून येता येतं हा शोध लागला. पहिल्या रात्री तो अकरा वेळा आला. अकराही वेळा हात धरून परत नेलं, न बोलता, दिवा न लावता. गोष्ट सांगायची नाही, पाणी विचारायचं नाही. नवरा तिसऱ्या फेरीला "काय रे राजा" म्हणाला, आणि चौथी ते सातवी फेरी त्यामुळेच झाली असं माझं मत आहे. आठवड्याभराने एकदोनदा, मग थेट सकाळी.

खोलीचं मात्र आधीच करून घ्या. मूल रात्री एकटं मोकळं फिरणार आहे. कपाट आणि खणांचं टेबल लोखंडी पट्टीने भिंतीला आवळून घेतलं, कारण खण उघडले की त्याची शिडी होते. खालच्या प्लगांना झाकणं लावली, बाथरूमच्या दाराला वरची कडी लावली.

गादीचं राहिलंच. पलंगावर जाड गादी घालू नका. आम्ही हौसेने आठ इंची बघत होतो, तेव्हा नवऱ्याने टेप लावून दाखवलं की कठडा गादीच्या वर तीनच इंच उरतो. तो निदान पाच इंच तरी वर हवा. आम्ही चार इंची घेतली. आणि गादी व कठडा यांच्यात फट नको, मुलाचं अंग किंवा डोकं त्यात अडकू शकतं. आमच्याकडे दोन बोटं जात होती, तर गादीवाल्याकडून कड वाढवून घेतली.

कारीगर आला तो जानेवारी संपताना, सकाळी दहाला. बोटाला खरंच पट्टी होती, त्यामुळे माझा निम्मा राग तिथेच गेला. त्याने ड्रिल काढलं, चार भोकं पाडली, कठडा फिरवून आवळला. पिल्लू शेजारी उकिडवं बसून भुसा गोळा करत होतं. मी घड्याळ बघत होते. चौदा मिनिटं. लाखेला कुठेही तडा नाही.

त्या रात्री तो पलंगावर चढला, कठड्याच्या दांड्यांवरून बोट फिरवत त्या मोजल्या, दोन, तीन, दोन, आणि झोपला. मी मात्र बारापर्यंत दाराशी उभी होते. पलंगाखाली जुनी गोधडी अजून अंथरलेली असते, ती काढायचा मला धीर होत नाही.

भिंतीकडच्या जुन्या चार भोकांवर लावायच्या टोप्या कारीगर विसरला होता. पिल्लू भिंतीच्या फटीतून हात घालून त्या भोकांत शेंगदाणे भरतं. परवा टोप्यांसाठी फोन केला.

"होळी पछी, बेन."