प्राध्यापकाचे शिफारसपत्र आणि कंपनीचा फोन

एम.बी.ए.चे शेवटचे सत्र सुरू झाले की वित्त विषय शिकवणाऱ्या माझ्यासारख्या प्राध्यापकांच्या टेबलावर शिफारसपत्रांचे कागद येऊ लागतात. बहुतेक विद्यार्थी मजकूर तयार करूनच आणतात. वर 'संबंधितांस' एवढेच लिहिलेले असते आणि खाली उमेदवार मेहनती, प्रामाणिक, सुस्वभावी व होतकरू असल्याचे नमूद केलेले असते. सरांनी फक्त सही करून शिक्का मारायचा. नाव बदलले तर तोच कागद वर्गातल्या कोणालाही चालेल, म्हणून त्यावर मी सही करत नाही. चांगल्या वर्तणुकीचा दाखला महाविद्यालयाच्या कार्यालयातून मिळतो आणि गुण गुणपत्रिकेवर छापलेले असतातच. या दोन्हींपलीकडचे काही सांगण्यासारखे असेल, तरच माझ्या पत्राला अर्थ आहे.

तसाही या पत्रांचा प्रभाव आम्हा प्राध्यापकांना वाटतो त्यापेक्षा कमीच असतो. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये कर्मचारी निवडीवरील पंच्याऐंशी वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. उमेदवार पुढे कसे काम करील याचा अंदाज कोणत्या पद्धतीने किती बरोबर येतो, हे त्यांनी तपासले होते. त्यात प्रत्यक्ष काम करून दाखवण्याच्या चाचणीचा सहसंबंध (१ म्हणजे अगदी अचूक अंदाज, ० म्हणजे काहीच नाही) ०.५४, सर्वांना ठरावीक प्रश्न विचारणाऱ्या आखीव मुलाखतीचा ०.५१ आणि पूर्वीच्या ओळखीच्या लोकांकडे केलेल्या चौकशीचा अवघा ०.२६ आला. नंतरच्या संशोधकांनी यांतले बरेच आकडे खाली आणले आहेत, परंतु शिफारस करणाऱ्याचा शब्द हा कामाच्या नमुन्याइतका भरवशाचा नसतो, हे पटण्यासारखे आहे. त्यावर माझा उपाय साधा आहे: पत्रातच कामाचा नमुना दाखवायचा.

एका विद्यार्थिनीचे उदाहरण देतो. २०२४ च्या उन्हाळ्यात तिने कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, प्रकल्प केला. विषय होता पुरवठादारांची देणी. त्या वर्षी लहानमोठ्या सगळ्याच कारखान्यांत या विषयाची धास्ती होती, कारण २०२३ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्याच्या ४३बी कलमात (एच) हे पोटकलम घातले होते आणि ते १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले होते. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे ठरलेल्या मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च ज्या वर्षी पैसे प्रत्यक्ष दिले जातील त्याच वर्षी करपात्र उत्पन्नातून वजावटीस पात्र ठरतो. मुदत ठरते २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने: लेखी करार नसेल तर १५ दिवस, असेल तर करारात ठरतील तितके, पण ४५ पेक्षा जास्त नाहीत.

फौंड्रीच्या अकाउंटंटने संगणकातून देण्यांची यादी काढून ठेवली होती आणि त्या यादीनुसार फारच थोडी बिले मुदतीबाहेर होती. तिच्या वर्गातल्या इतर कोणीही या यादीचे रंगीत तक्ते काढून प्रकल्प पुरा केला असता. हिने अकाउंटंटना विचारले, "काका, गेटवरची आवक नोंदवही बघू का?" ही दिवस मोजण्याची सुरुवात कायद्यानुसार माल स्वीकारल्यापासून होते, बिल संगणकात चढवल्यापासून नव्हे, एवढे तिने कायदा वाचून समजून घेतले होते. मग तिने एकेका बिलासमोर मालासोबत आलेले चलन आणि गेटची नोंद लावली. ओतकामाच्या साच्यात बसवायचे वाळूचे कोअर करून देणाऱ्या एका लहान कारखानदाराशी ४५ दिवसांचा लेखी करार होता. त्याच्या चलनावर स्टोअरकीपरची सही ८ फेब्रुवारीची होती, बिल मात्र संगणकात चढले २१ फेब्रुवारीला आणि पैसे गेले ४ एप्रिलला. संगणकाच्या हिशेबाने हे ४३ दिवस होतात, म्हणजे सगळे मुदतीत. मालाच्या तारखेपासून मोजले तर ५६ दिवस होतात, आणि मध्ये ३१ मार्च उलटून गेलेला असल्यामुळे त्या वर्षाची वजावट हातची जाते. उलट दिशेचीही एक गोष्ट तिने टिपली. अकाउंटंटच्या यादीत उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेले काही निव्वळ व्यापारीही धरलेले होते, ज्यांना ही तरतूद लागू होत नाही. ती नावे तिने वेगळी काढली.

चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत तिने अर्ज केला, तेव्हा मी पत्रात एवढाच प्रसंग लिहिला, तारखांसकट. फौंड्रीचे आणि पुरवठादाराचे नाव अर्थातच घातले नाही. एकही विशेषण न वापरता ते पत्र पुरे झाले. पुढच्या परिच्छेदात माझ्या माहितीची हद्द लिहिली: मी तिला दोन विषय शिकवले आहेत आणि या प्रकल्पाचे मार्गदर्शन केले आहे, ती गटाचे नेतृत्व कसे करील हे मी पाहिलेले नाही, तोंडी सादरीकरणात ती घाईने बोलते आणि महत्त्वाचा मुद्दा शेवटी येतो. ही शेवटची ओळ घालू नये, असे आमच्या विभागातल्या एका ज्येष्ठ सरांचे मत पडले. माझे मत वेगळे आहे. ज्या पत्रात एकही उणीव नसते, ते पत्र वाचणारा मनुष्यबळ अधिकारी बाकीचा मजकूरही सोडून देतो. पत्र मी पाठवण्यापूर्वी तिला वाचायला दिले. असे पत्र गोपनीय असावे, असे मानणारे पुष्कळ आहेत, पण जे तिच्यासमोर बोलण्याची माझी तयारी नाही, ते तिच्या पाठीमागे लिहिण्याचा मला अधिकार आहे असे मला वाटत नाही.

मुलींच्या पत्रांत मी आणखी एक गोष्ट तपासतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापकपदाच्या उमेदवारांसाठी आलेल्या तीनशेहून अधिक शिफारसपत्रांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात स्त्रियांसाठीची पत्रे सरासरीने आखूड आणि शंकेला जागा ठेवणारी आढळली. आपल्याकडची पत्रे समोर ठेवली तर फार निराळे चित्र दिसेल असे मला वाटत नाही. मुलगा असला की 'नेतृत्वगुण' आणि 'धडाडी', मुलगी असली की 'मनमिळाऊ' आणि 'शांत', असे शब्द हातून आपोआप उतरतात.

चाकणहून फोन आला तो याच धर्तीचा. पत्रातल्या तारखांविषयी त्या गृहस्थांनी दोन चांगले प्रश्न विचारले, त्यांची उत्तरे मी आनंदाने दिली. मग ते म्हणाले, "सर, मुलगी चांगलीच आहे, पण टिकेल ना? घरी लग्नाचं काही चाललंय का?" मी म्हटले, "ते मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी सांगितलं नसतं. मुलांच्या बाबतीत विचारता का हे?" ते हसले आणि विषय बदलला. नंतर त्या कंपनीकडून तिला काहीच कळवण्यात आले नाही. प्राध्यापकाला तर कधीच कळवत नाहीत, म्हणून माझ्याकडून पत्र नेणाऱ्या प्रत्येकाला मी सांगून ठेवतो की होकार असो वा नकार, एक ओळ मला पाठवायची.

बाकी अटी थोड्याच आहेत. निदान आठ-दहा दिवस आधी यावे, जागेची जाहिरात आणि आपला बायोडेटा आणावा. फक्त शेवटच्या बाकावरून ओळखीच्या झालेल्या विद्यार्थ्याला मी सरळ नकार देतो आणि ज्याने त्याचे काम खरोखर पाहिले आहे, अशा माणसाकडे पाठवतो. एका मुलाला मी असेच गणेशोत्सव मंडळाच्या खजिनदारांकडे पाठवले होते, कारण वर्गणीचा सगळा हिशेब तो सांभाळत असे. लेटरहेडवर मंडळाचा गणपती छापलेले ते पत्र बँकेच्या मुलाखतीत चालेल का, अशी त्याला शंका होती. मुलाखत घेणाऱ्यांनी त्याला त्या हिशेबाबद्दलच सर्वांत जास्त विचारले.

त्या विद्यार्थिनीची एक ओळ पावसाळ्यात आली. फौंड्रीच्या लेखापरीक्षणासाठी आलेल्या चार्टर्ड अकाउंटंटनी तिने केलेला तारखांचा तक्ता पाहिला होता आणि त्यांनी तिला आपल्या कार्यालयात घेतले. माझे पत्र दाखवण्याची वेळ आलीच नाही, असे तिने संकोचून लिहिले होते. मी तिचे अभिनंदन केले आणि तो तक्ता जपून ठेवण्यास सांगितले.