युरिया बंद करून देणारा कायद्याला का सापडत नाही?

कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलच्या आसपास 'युरिया बंद', म्हणजे डिझेल गाडीचा धूर शुद्ध करणारी युरियाची यंत्रणा निकामी करणे, हे दोन शब्द आता कोणी दबक्या आवाजात उच्चारत नाही. लोखंड बाजारातून माल उचलणारे आणि जेएनपीएच्या बंदराकडे कंटेनर घेऊन जाणारे ट्रेलर जिथे रात्रंदिवस उभे असतात, त्याच भागात माझे काम आहे. एका लहानशा वाहतूक व्यवसायातील गाड्यांचे विमे, परमिट, पासिंग आणि पीयूसी वेळेवर होतात की नाही हे पाहणे, एवढीच माझी जबाबदारी. पण गाड्यांच्या कागदांशी संबंध असलेल्या माणसाकडे गाड्यांविषयीचे सगळे प्रस्ताव आपोआप येतात. त्यातला हा एक नेहमीचा: "साहेब, शेठना सांगा, एकदा डबी बसवली की युरियाचा खर्च कायमचा गेला. पीयूसीची काळजी करू नका, ती निघते." हा प्रस्ताव आमच्या शेठनी आजवर मान्य केलेला नाही. परंतु त्यातले शेवटचे वाक्य शब्दशः खरे आहे, आणि सगळी गोम तिथेच आहे.

ज्याला रस्त्यावर युरिया म्हणतात, ते डीईएफ म्हणजे शुद्ध पाण्यात ३२.५ टक्के युरिया विरघळवून केलेले द्रावण. डिझेल इंजिनात ज्वलनाचे तापमान जितके जास्त, तितके नायट्रोजनचे ऑक्साइड अधिक तयार होतात. हे द्रावण तापलेल्या धुराच्या मार्गात फवारले की त्यापासून अमोनिया सुटतो, आणि पुढच्या एससीआर या उत्प्रेरकाच्या पेटीत तो त्या ऑक्साइडचे साध्या नायट्रोजनमध्ये आणि पाण्याच्या वाफेत रूपांतर करतो. पेटीच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन सेन्सर ही घट मोजत असतात. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ मानकांनुसार अवजड वाहनांच्या इंजिनाची या ऑक्साइडची मर्यादा, स्थिर चाचणीत, दर किलोवॅट-तासाला ०.४ ग्रॅम आहे. त्याआधीच्या बीएस-४ मध्ये हीच मर्यादा ३.५ ग्रॅम होती. एवढी घट इंजिन सुधारून होत नाही, ती या पेटीतच होते. उलट, पेटी पुढे आहेच या भरवशावर बीएस-६ इंजिन चांगल्या मायलेजसाठी जुळवलेले असते, आणि त्यामुळे युरिया बंद केलेली नवी गाडी नियमापेक्षा कित्येक पट वायू सोडते.

ती डबी मी हातात घेऊन पाहिली आहे. काडेपेटीहून थोडी मोठी, काळ्या प्लॅस्टिकची, एका बाजूने चार वायरी बाहेर आलेली आणि त्यांवर इन्सुलेशन टेप गुंडाळलेली. कोणत्याही बाजूला नाव नाही, पत्ता नाही, बनावटीचा शिक्का नाही. ती केबिनमध्ये फ्यूजबॉक्सच्या मागे बसते, दोन वायरींना वीज मिळते आणि उरलेल्या दोन गाडीच्या संगणकाच्या संदेशवाहिनीला जोडल्या जातात. युरियाची टाकी भरलेली आहे, फवारा चालू आहे, दोन्ही सेन्सर ठणठणीत आहेत, असे खोटे संदेश ती इंजिनाच्या संगणकाला अखंड पाठवत राहते. प्रत्यक्षात फवाऱ्याच्या पंपाचा फ्यूज काढून ठेवलेला असतो. जास्त हुशार कारागीर डबीही लावत नाहीत. लॅपटॉप जोडून संगणकातील प्रोग्रामच बदलतात, आणि मग बोनेट उघडून पाहणाऱ्याला संशय घेण्यासारखे काहीच उरत नाही.

आता पीयूसीकडे येऊ. डिझेल गाडीच्या पीयूसीत इंजिन चालू ठेवून अॅक्सिलरेटर झटकन पूर्ण दाबतात आणि बाहेर पडणाऱ्या धुराची दाटी प्रकाशकिरणाने मोजतात. नायट्रोजनचे ऑक्साइड त्या प्रकाशाला दिसत नाहीत, आणि ते मोजणारे दुसरे कोणतेही यंत्र त्या केंद्रावर नसते. गाडीचा संगणक काय नोंदवून बसला आहे, हे वाचण्यासाठी कोणी तिथे केबल जोडत नाही. थर्मामीटर लावून रक्तदाब बघण्यासारखाच हा प्रकार आहे. तरीही आपली सगळी व्यवस्था या एका कागदाभोवती बांधलेली आहे. विम्याच्या नूतनीकरणाला पीयूसी सक्तीची करणारा सर्वोच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०१७ चा आदेश सात वर्षे चालला आणि जुलै २०२४ मध्ये न्यायालयानेच ती अट काढली. त्यानंतर २०२५ मध्ये आपल्याच ठाण्याच्या ओवळा-माजिवडा मतदारसंघातून निवडून आलेल्या परिवहनमंत्र्यांनी 'पीयूसी नाही तर इंधन नाही' अशी घोषणा केली. घोषणेला माझा विरोध नाही. पण डबी लावलेला ट्रेलर त्या पंपावर वैध पीयूसी दाखवून रुबाबात डिझेल भरून जाईल, हे मान्य करून पुढे बोलले पाहिजे.

कायदाच नाही, असे मात्र मुळीच नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ सांगते की नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे ठरतील असा बदल मालकाने गाडीत करू नये, आणि ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हे कलम कडक अर्थाने वाचले. कलम १९०, पोटकलम २ नुसार ध्वनी किंवा वायुप्रदूषणाची मानके मोडणारी गाडी चालवणाऱ्याला, किंवा चालवू देणाऱ्याला, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि परवाना तीन महिन्यांसाठी अपात्र ठरतो. या परवान्याच्या तरतुदीचा फटका चालकाला बसतो, ज्याने ना डबी मागितलेली असते ना तिचे पैसे दिलेले असतात. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२-अ आणले. त्याच्या चौथ्या पोटकलमात, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. एका ट्रेलरच्या काही महिन्यांच्या युरियाच्या खर्चातच हा दंड वसूल होतो, हे कोणताही शेठ तोंडी हिशेबात सांगेल.

मग डबी बसवणाऱ्याचे काय? त्याच कलमाचे पहिले पोटकलम निर्माता, आयातदार आणि विक्रेता यांच्यासाठी आहे, आणि वाहनाच्या बांधणीविषयीच्या सातव्या प्रकरणाचा भंग होईल असा बदल करणाऱ्या किंवा करून देऊ करणाऱ्याला त्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा प्रत्येक गाडीमागे एक लाख रुपये दंड सांगितला आहे. वाचताना वाटते की हे मोठ्या कंपन्यांपुरते असावे. तसे नाही. या कायद्याच्या दुसऱ्या कलमातील व्याख्येनुसार 'विक्रेता' या शब्दात वाहनांची दुरुस्ती करणाराही येतो, म्हणजे गॅरेजवाला लाखाच्या दंडाच्या टप्प्यात स्पष्टपणे आहे. पण पोटकलमाच्या शेपटाला एक परंतुक, म्हणजे अपवाद सांगणारी अट, जोडलेले आहे: बदल करताना किंवा करून देऊ करताना, गाडी कोणत्या प्रकारे नियमभंग करते हे समोरच्या पक्षाला सांगितले होते असे त्याने सिद्ध केले, तर त्याला दोषी ठरवता येणार नाही. नियमभंग करणारी गाडी ग्राहकाच्या अजाणतेपणी त्याच्या गळ्यात मारली जाऊ नये, या हेतूने हे परंतुक घातले गेले असेल तर तो हेतू समजण्यासारखा आहे. परंतु युरिया बंद करण्याच्या धंद्यात ग्राहकाला सगळे ठाऊक असते. किंबहुना तो तेवढ्याचसाठी आलेला असतो. "हे बेकायदा आहे बरं का, साहेब" असे मोकळेपणाने सांगणारा कारागीर या परंतुकाच्या आडोशाला उभा राहू शकतो, आणि ज्यांच्या श्वासात तो वायू जाणार आहे ते कामोठ्याचे किंवा गव्हाण फाट्याचे रहिवासी या व्यवहारात 'समोरचा पक्ष' धरलेच जात नाहीत.

डबी विकणाऱ्याची स्थिती तर याहून सोयीची आहे. तो गाडीला हात लावत नाही, फक्त एक वस्तू विकतो. सुट्या भागांच्या विक्रीविषयीचे तिसरे पोटकलम केंद्र सरकारने सुरक्षिततेच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणून अधिसूचित केलेल्या भागांपुरते आहे. प्रदूषण नियंत्रण निकामी करण्याखेरीज जिचा दुसरा काही उपयोगच नाही, अशा वस्तूच्या विक्रीला थेट गुन्हा म्हणणारे शब्द मला या कलमात कुठे सापडले नाहीत.

अमेरिकेचा स्वच्छ हवा कायदा नेमका इथे वेगळा आहे. त्याच्या २०३ व्या कलमात दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवल्या आहेत: गाडीतील नियंत्रण काढणे किंवा निकामी करणे हा एक गुन्हा, आणि तसे करण्यासाठीचा भाग बनवणे, विकणे किंवा बसवणे हा दुसरा. १९९० च्या दुरुस्तीने ठरवलेली मूळ रक्कम निर्माता किंवा विक्रेता छेडछाड करत असेल तर प्रत्येक गाडीमागे २५,००० डॉलरपर्यंत, आणि निकामी करणाऱ्या प्रत्येक भागामागे २,५०० डॉलरपर्यंत होती. महागाईनुसार ती पुढे वाढत गेली. हजार डब्या विकल्या तर हजार गुन्हे, असा हा सरळ हिशेब आहे. एवढे असूनही तिथे हा धंदा संपला नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने नोव्हेंबर २०२० मध्ये जाहीर केलेल्या अंदाजानुसार आधीच्या दशकभरात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप गाड्यांची नियंत्रणे काढली गेली होती आणि त्यातून त्या गाड्यांच्या आयुष्यभरात ५ लाख ७० हजार टनांहून अधिक जादा नायट्रोजन ऑक्साइड बाहेर पडणार होते. फरक एवढाच की तिथे शोध घेणारा अधिकारी दुकानदाराची विक्रीवही मागू शकतो. आपल्याकडे त्याला एकेक ट्रेलर अडवून फ्यूजबॉक्सच्या मागे हात घालावा लागेल.

ट्रकवाल्यांच्या बाजूनेही काही सांगितले पाहिजे, कारण सगळे जण केवळ हावरेपणाने या वाटेला जातात असे मला दिसत नाही. एससीआरला काम करण्यासाठी धूर साधारण दोनशे अंश सेल्सिअसच्या वर तापलेला लागतो, आणि काजळी धरणारी डीपीएफची जाळी स्वतःला जाळून साफ करते ती सहाशे अंशांच्या आसपास. करळ फाट्याजवळ कंटेनरच्या रांगेत तासन् तास इंजिन चालू ठेवून इंचाइंचाने सरकणाऱ्या किंवा गायमुख घाटात पहिल्या गिअरमध्ये अडकलेल्या गाडीचा धूर तितका तापतच नाही. युरियाचे पांढरे खडे नोझलवर साचतात, जाळी चोंदते, दिवा लागतो, आणि मग संगणक इंजिनाची ताकद उतरवतो. भरलेला ट्रेलर ऐन चढावर ओढेनासा झाला की चालकाच्या मनात कायद्याविषयी फारसा आदर शिल्लक राहत नाही. त्यात शेतीचा अनुदानित युरिया पाण्यात कालवून डीईएफ म्हणून विकणारे आहेत. त्या युरियावर कडुनिंबाचे आवरण असते आणि त्यातील अशुद्धी थेट नोझलमध्ये जाते. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने उत्पादकांना सुचवले की युरियाच्या बिघाडात गाडीची ताकद एकदम उतरू नये, चालकाला दुरुस्तीसाठी पुरेसा अवधी मिळावा, आणि तसा प्रोग्राम बदलावा. आपल्याकडे हे व्हायला हरकत नाही. तक्रार खरी असेल तर तिचे उत्तर निर्मात्याकडून अधिकृतपणे यावे.

तपासणीची अडचणही सुटू न शकणारी नाही. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २०१४ पासून वार्षिक तपासणीत मुळात बसवलेली डीपीएफ जागेवर नसेल तर गाडी नापास होते. रिकामे नळकांडे तसेच ठेवून आतली जाळी फोडणारे तिथेही निघाले, म्हणून बेल्जियमने २०२२ मध्ये आणि नेदरलँड्स व जर्मनीने २०२३ मध्ये धुरातील कण प्रत्यक्ष मोजणारी यंत्रे तपासणीत आणली. हाँगकाँगने सप्टेंबर २०१४ पासून रस्त्याकडेला किरणयंत्रे लावून धावत्या पेट्रोल आणि एलपीजी गाड्यांचे वायू मोजायला सुरुवात केली; मात्र त्याआधी टॅक्सी आणि मिनीबसचे निकामी झालेले उत्प्रेरक एकदा सरकारी खर्चाने बदलून दिले. हा क्रम मला विशेष पटतो. आपल्याकडे पासिंगसाठी स्वयंचलित केंद्रे उभी राहत आहेत, तिथे संगणकाची नोंद वाचणारी केबल आणि वायू मोजणारे यंत्र ठेवणे तांत्रिकदृष्ट्या काही अवघड नाही.

लहान गाड्यांच्या बाबतीत तर गंमतच आहे. मारुती ईको गाडीचे सायलेन्सर चोरून त्यातील धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरकाची, प्लॅटिनम आणि पॅलेडियम असलेली 'माती' विकणाऱ्या टोळ्यांच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. ज्याचा सायलेन्सर गेला तो बिचारा मूळ भागाची किंमत ऐकून हबकतो आणि बाजारातला पोकळ सायलेन्सर बसवून घेतो. चोरीचा फिर्यादी त्याच दिवशी बेकायदा बदलाचा आरोपी होऊ शकतो. बुलेटच्या फटफट सायलेन्सरवर मात्र पोलीस रोडरोलर फिरवतात आणि छायाचित्रे छापून येतात, कारण तो गुन्हा कानाला ऐकू येतो.

आमच्या कार्यालयात यावर केलेला उपाय अगदी साधा आहे. प्रत्येक गाडीच्या डिझेलच्या नोंदीशेजारी युरियाची नोंद ठेवली जाते. शंभर लिटर डिझेलला साधारण चार-पाच लिटर युरिया लागतो. हे प्रमाण अचानक घसरले तर चालकाला विचारले जाते, आणि घसरलेले असतानाही बिले तीच दिसत राहिली तर पंपावर विचारले जाते. जुना ट्रेलर विकत घेताना आम्ही मागच्या मालकाकडे टायरच्या बिलांबरोबर युरियाचीही बिले मागतो. ती नसतील तर अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये संगणक तपासून घेतल्याखेरीज बयाणा देत नाही, कारण आरसी बुकावर आमचे नाव चढले की त्या डबीचे मालकही आम्हीच.