सहा सिलिंडरचा गिअरबॉक्स व्ही-८ इंजिनला जोडला, माझा अनुभव

आधी सांगतो, मी मेकॅनिक नाही. पोटापाण्याला कॉम्प्युटरवर काम करतो, मिशिगनमध्ये राहतो आणि गॅरेजमध्ये १९६६ ची फोर्ड मस्टँग गाडी आहे. साधी, सहा सिलिंडरवाली, २०० क्युबिक इंचाचं इंजिन, १२० हॉर्सपॉवर, मागे फोर्डचा सी-४ ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. इंजिन तेल प्यायला लागलं तेव्हा म्हटलं नाहीतरी खर्च करायचाच आहे तर व्ही-८ म्हणजे आठ सिलिंडरचं टाकू, आणि १९७३ च्या एका भंगार गाडीतलं फोर्डचंच ३०२ क्युबिक इंचाचं इंजिन उचललं. स्प्रिंगा, ब्रेक आणि मागचा ॲक्सल आधीच बदलून झाले होते, कारण सहा सिलिंडरवालीला चार नटांची चाकं आणि बारका ॲक्सल असतो, तो व्ही-८ खाली टिकत नाही. ती वेगळी रडकथा आहे, इथे नको.

गिअरबॉक्स मात्र जुनाच ठेवायचा होता, दोनच वर्षांपूर्वी त्याचे सील आणि क्लच प्लेटा नवीन घातलेल्या. आणि सी-४ चं एक बरं आहे, त्याचं बेलहाऊसिंग म्हणजे इंजिनला जोडणारा पुढचा घंटेसारखा भाग वेगळा असतो, बोल्ट काढले की सुटतो. बऱ्याच ऑटोमॅटिकमध्ये तो केसबरोबरच ओतलेला असतो, तिथे विषयच संपतो. त्यामुळे ज्याला विचारावं तो एकच सांगायचा, अरे बेल बदल की झालं! मीही तेच धरून चाललो आणि इंजिन घेतलं त्याच भंगारवाल्याकडून त्याच १९७३ च्या गाडीची बेल, फ्लेक्सप्लेट (इंजिनच्या मागे बसणारी गोल पातळ तबकडी) आणि टॉर्क कन्व्हर्टर (तेलाने भरलेला गोल डबा, ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी इंजिनचा जोर गिअरबॉक्सला देतो) असा पूर्ण सेट घेतला. घासाघीस करून घेतला म्हणून खूशपण होतो.

शनिवारी सकाळी जुनी बेल काढली, नवीन चढवली, अगदी फिट्ट. मग कन्व्हर्टर उचलला. तेल सांडून हात बुळबुळीत, वस्तू जड, गिअरबॉक्समधून पुढे आलेल्या इनपुट शाफ्टवर टेकवला, फिरवला, ढकलला, परत फिरवला. नाहीच जात. तासभर मी त्या कन्व्हर्टरशी कुस्ती खेळत होतो. शेवटी वैतागून मागे ओढला तर अख्खा इनपुट शाफ्ट हातात! घाबरलो, वाटलं आता काय मोडलं. नंतर कळलं की सी-४ मध्ये तो शाफ्ट नुसता आत सरकवलेलाच असतो, हाताने बाहेर येतो.

रात्री बाबांना फोन लावला, तिकडे सकाळ. बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, आयुष्यात ऑटोमॅटिक गाडी उघडली नाही त्यांनी, पण सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "दाते मोजलेस का रे आधी?"

शाफ्टच्या टोकाला दाते असतात, ते कन्व्हर्टरच्या आतल्या दात्यांत बसावे लागतात. नव्हते मोजले. बायकोची नेलपॉलिश मागून आणली, शाफ्टच्या एका दात्यावर लाल ठिपका दिला आणि तिथून मोजत गेलो. २४. मग टॉर्च तोंडात धरून कन्व्हर्टरच्या आतले मोजले तर २६. विश्वास बसेना म्हणून तीनदा मोजले. भानगड अशी की १९६९ पर्यंतच्या सी-४ चा शाफ्ट बारीक, २४ दात्यांचा. १९७० पासून तो जाड झाला आणि कन्व्हर्टरकडच्या टोकाला २६ दाते आले. बाहेरून केस तीच, नावही तेच, कसं कळणार माणसाला?

शाफ्टच जाड घालावा असंही डोक्यात आलं होतं, पण त्यापायी गिअरबॉक्सच्या पुढच्या तेलाच्या पंपाला हात लावावा लागणार होता आणि नुकताच सील केलेला गिअरबॉक्स परत उघडायची माझी तयारी नव्हती. त्यापेक्षा कन्व्हर्टर रिपेअर करणाऱ्या एका दुकानातून २४ दात्यांचा, व्ही-८ चा कन्व्हर्टर मागवला. या वेळी मात्र सगळं मोजून. कन्व्हर्टर जोडायची फ्लेक्सप्लेटची चार भोकं साडेदहा इंची वर्तुळावर असतात किंवा ११.४ इंची, माझी साडेदहाची. प्लेटच्या कडेला स्टार्टर फिरवतो ती दात्यांची रिंग, तिला दाते १५७, कारण १६४ वाली प्लेट मोठ्या बेलमध्ये बसते. आणि प्लेट व्ही-८ चीच हवी, तिच्यावर बॅलन्सचं वजन असतं, सहा सिलिंडरच्या प्लेटवर ते नसतं, ती लावली तर गाडी थरथरून जीव घेईल.

नवीन कन्व्हर्टर बसवताना शेजारचा म्हातारा आला, त्याची सगळी नोकरी गिअरबॉक्सच्या कामात गेलेली. तो म्हणाला, तीन वेळा खाली उतरला पाहिजे. एकदा शाफ्टवर, एकदा स्टेटरवर (शाफ्टभोवतीची, न फिरणारी दात्यांची नळी) आणि शेवटी पंपाच्या खाचेत. दोनदा लगेच उतरला, तिसऱ्याला हळूहळू फिरवत बसलो, पंधरा मिनिटं गेली असतील, आणि मग टक् करून बोटभर आत गेला. तो आवाज ऐकला तेव्हा खरंच हायसं वाटलं. तिसरा टप्पा न बसताच बेल बोल्टने आवळत आणली की पंप फुटतो, म्हणून बेल हाताने इंजिनला टेकली पाहिजे आणि टेकल्यावर कन्व्हर्टर मोकळा फिरला पाहिजे. फिरला. पण सगळे बोल्ट आवळून झाल्यावर खाली वाकून बघतो तर इंजिन आणि बेलच्या मधली पत्र्याची प्लेट भिंतीला टेकून उभी! शिव्या स्वतःलाच घातल्या आणि परत सगळं खाली उतरवलं.

बँड म्हणजे आतल्या ड्रमला आवळून धरणारे पट्टे, ते ॲडजस्ट करायला वेळ नाही लागला, दोन्ही स्क्रू १० फूट-पाऊंडाला आवळायचे, मग इंटरमीजिएटचा पावणेदोन आटे सोडायचा आणि लो-रिव्हर्सचा तीन, लॉकनट नवीन घालायचे कारण सील त्यातच असतं. गिअरबॉक्सचं तेल टाइप एफ प्रकारचं.

पहिल्या फेरीत गिअर फार उशिरा पडायला लागले आणि तेही धक्का देऊन. मला वाटलं आता व्हॉल्व्ह बॉडी, म्हणजे तेलाच्या दाबाने गिअर बदलणारा भाग, गेली. म्हातारा नुसता हसला आणि इंजिनकडून मागे मॉड्युलेटरला (गिअरबॉक्सला इंजिनवरचा भार कळवणाऱ्या डबीला) जाणारी व्हॅक्यूमची रबरी नळी दाखवली, टोकाला चिरलेली. व्हॅक्यूम पोचत नसेल तर गिअरबॉक्सला वाटतं आपण ॲक्सिलरेटर दाबून धरलाय. दोन इंच कापून परत लावली, दहा मिनिटांचं काम.

आता गाडी मस्त चालते. आतल्या क्लच प्लेटा सहा सिलिंडरच्याच आहेत, व्ही-८ वाल्यापेक्षा कमी, त्यामुळे सिग्नलवर शर्यती लावत नाही. परवा बायको घेऊन गेली आणि परत येऊन म्हणाली, एवढं इंजिन बदललं तरी सुटताना मेलेलीच आहे. वाकून बघितलं तर गिअरचा दांडा दुसऱ्या ठिपक्यावर. या सालच्या गाडीत डी नसतो, दोन ठिपके असतात, हिरवा पहिल्या गिअरपासून सुरू करतो आणि दुसरा थेट दुसऱ्यापासून. आता डॅशबोर्डवर चिठ्ठी चिकटवली आहे, "हिरवा".